दिसलं काय आणि मनचं काय

सागाचं पान गळतं तेव्हा त्याचा आवाज होतो. तो ज्यानं ऐकला नाही त्याला माझ्या लहानपणाचं भय कळायचं नाही. आलापल्लीत आमच्या घराची मागची बाजू सागवानाला लागून होती. फागुन सरत आला की पानं गळू लागायची. पान कसलं, चांगलं सुपाएवढं. वरून सुटायचं, दोन फांद्यांना थडकायचं आणि जमिनीवर टेकताना असं वाजायचं की कोणीतरी जपून पाऊल टाकलं. थोडा वेळ सामसूम. मग दुसरं पाऊल. मी दहा-अकरा वर्षांची असेन, आणि प्रत्येक पानाला माझा एक वाघ. तो कुंपणापाशी आला, आता शेळीच्या खुंट्यापाशी आला, आता न्हाणीमागे दबून बसला, आणि भरदुपारी मी हातात तांब्या घेऊन दारातच उभी. अम्मी म्हणायची, "अवं, काय हे पोट्टीचं मन! धड बसू देत नाई, धड उठू देत नाई." वाघ नसला तर दुसरं काही असायचंच. अब्बांना उशीर झाला की ते सायकलीसकट नाल्यात पडले. अम्मी खोकली की तिला टीबी. विहिरीत बादली जोरानं आपटली की कोणीतरी आत गेलं. दिवसाला दहा माणसं मारत होते मी, आणि सगळी संध्याकाळी जेवायला हजर असायची.

आम्ही मणियार, म्हणजे बांगड्यांचा धंदा. अब्बांच्या सायकलीमागे पत्र्याची पेटी बांधलेली, पेटीत एकेका मापाच्या बांगड्या सुतळीत ओवून केलेल्या माळा, आणि माळा एकमेकींवर आपटू नयेत म्हणून वरखाली अम्मीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. भामरागडच्या रस्त्यावरची जंगलातली सगळी गावं त्यांना घरासारखी. तिथल्या बायांशी ते गोंडीत बोलायचे, आणि अम्मीचं म्हणणं असं की गोंडीत बोलताना त्यांचा आवाज घरच्यापेक्षा गोड होतो. घरात आमची उर्दू, म्हणजे लखनौवाल्यांनी ऐकली तर कानावर हात ठेवतील अशी. बाहेर झाडीपट्टीची मराठी. दोन्हींची इतकी भेसळ की अब्बा वाक्य एका भाषेत सुरू करायचे आणि दुसरीत संपवायचे. इथं मी सगळं मराठीतच लिहिते आहे. बोलणाऱ्यांपैकी आता तक्रार करायला कोणी उरलेलं नाही.

नवा माल आला की दुपारी ओसरीवर अब्बा तो तपासायला बसायचे. एक बांगडी बोटात धरायची, तिच्यावर दुसरी हलकेच वाजवायची. धड असली तर किण्ण करून आवाज लांबत जातो, बारीकशी चीर असली तर तिथल्या तिथं मरतो. मी शेजारी बसून पिचलेल्या वेगळ्या काढायची. लाकूड कापायची आरामशीन जेवणाच्या सुट्टीत बंद व्हायची, तेवढा तासभर गावात इतकी शांतता की बांगडीचा आवाज विरताना ऐकू यायचा. आतून अम्मीच्या लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी बसल्याचा वास. अशाच एका दुपारी मागं पान पडलं आणि माझ्या हातातली बांगडी फरशीवर.

"काय झालं?" अब्बांनी विचारलं.

"वाघ."

"दिसला?"

"नाई. ऐकू आला. पाऊल वाजलं."

"पाऊल ऐकू आलं, का थप्प असं ऐकू आलं?"

मी विचारात पडले. खरं सांगायचं तर थप्प एवढंच ऐकू आलं होतं. तसं म्हणाले. अब्बा म्हणाले, "मंग पाऊल कुठून आलं? ते तू मनचं घातलं, बेटा." हसले नाहीत, चिडवलं नाही. माल तसाच ठेवून मला मागच्या दारी घेऊन गेले आणि आम्ही दोघं झाडांकडं तोंड करून बसलो. पान वरून सुटताना पाहायचं, खाली येईस्तोवर नजर सोडायची नाही, मग आवाज ऐकायचा. सात-आठ पानं पाहिली असतील. भीती गेली म्हणाल तर नाही गेली, पण तिच्या जागी भलतीच उत्सुकता येऊन बसली. थप्प आणि पाऊल यांच्यामध्ये वेळ तरी किती? डोळ्याची पापणी लवायलाही जास्त लागतो. तेवढ्यात माझ्या मनानं नखं, पट्टे, मिशा, सगळा वाघ तयार करून उभा कसा केला? मला वाघापेक्षा त्या कारागिराचीच गंमत वाटायला लागली.

त्या दिवसापासून अब्बांचे तीन सवाल आमच्या घरात सुरू झाले. दिसलं काय? ऐकलं काय? मनचं काय? मी घाबरून काही सांगायला गेले की ते बाकी काही बोलायचेच नाहीत, हे तीन विचारायचे. शेजारच्या जैबुन फुफीवर, म्हणजे अब्बांच्या थोरल्या बहिणीवर, मी हे हत्यार चालवायला लागले तेव्हा मोठीच पंचाईत झाली. फुफी म्हणजे मोहल्ल्याचा रेडिओ. ती एकदा सांगत आली की दर्जीची सून भांडून माहेरी पळाली. मी विचारलं, "फुफी, दिसलं काय?" "पेटी घेऊन एसटीत चढली, मी या डोळ्यानं पाहिलं!" "अन् भांडण?" फुफीनं अम्मीकडं पाहून कपाळावर हात मारला, "या पोट्टीले वकिलाच्या घरी द्या वो." सून भावाच्या लग्नाला गेली होती. फुफी पुढचे आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता माझ्या गुडघ्याची वाटी सरकली आहे, डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय आणि मुलाची नोकरी भामरागडला. पावसाळ्यात नदी चढली की रस्ता बंद, फोनही बंद. तेव्हा या वयातसुद्धा माझं मन पहिलं मयताच्या तयारीला लागतं. मोबाइलवर वाघाचे फोटो येतात, खाली लिहिलेलं असतं की आपल्याच गावाजवळचा आहे, लगेच सगळ्यांना कळवा. मी एकालाही कळवत नाही. पण छातीत धडधडायचं ते धडधडतंच, त्याला कोणाचे सवाल ऐकू येत नाहीत. तो कारागीर म्हातारा होत नाही, एवढं मला कळलं आहे.

मी तेरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट सांगायची आहे. मोहाचे दिवस होते. आमच्याकडं मोह वेचणारी माणसं झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळून टाकतात, म्हणजे पहाटे पडलेली पिवळी फुलं काळ्या राखेवर पटकन दिसतात. सगळ्या रानाला त्या दिवसांत जळक्या पानांचा आणि मोहाच्या गोडसर आंबूस वासाचा दर्प असतो. त्या वासानं माणसं येतात तशी जनावरंही येतात. अब्बा आदल्या दिवशी लांबच्या बाजाराला गेले होते, लग्नसराईचा लाल माल घेऊन. मुक्काम तिथंच करून सकाळी नऊपर्यंत परतायचे होते. अम्मीनं अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी करून ठेवल्या होत्या. नऊ वाजले, दहा वाजले. मी मनातल्या मनात सवाल विचारत होते आणि उत्तर येत होतं, काही दिसलं नाही, काही ऐकलं नाही. बरं चाललं होतं.

तेवढ्यात लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर दारात आला. मोहल्ल्यातली पाच-सात माणसं त्याच्या मागं. त्यानं डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला, आणि तेवढ्यावरूनच अम्मी खाली बसली. तो म्हणाला, नाल्याच्या वळणावर मणियारभाऊंची सायकल पडली आहे, बांगड्यांचा चुरा सगळ्या रस्त्यावर झालाय, रक्त सांडलंय, वाघानं नेलं.

घरात जे झालं ते अजून कानात आहे. फुफी आली ती हंबरडा फोडतच. भाऊ तिचा, तिचं रडणं खरं होतं, त्यावर मी आजही काही बोलणार नाही. पण आमच्यात रीत होती की असली खबर आली की घरातली मोठी बाई हात धरते आणि बांगड्या वाढवते. फुटल्या असं आमच्या घरात कोणी म्हणत नसे, मणियाराच्या घरात तर नाहीच. फुफीनं अम्मीचा उजवा हात धरला. अम्मीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, अब्बांनी स्वतः भरलेल्या. ती नुसती बघत होती, हात सोडवतही नव्हती. एक बांगडी उंबऱ्यावर आपटून गेली. आणि मी ओरडले.

"थांबा! कोणी पाहिलं?"

मोठ्या माणसांच्या मयतीत तेरा वर्षांची पोट्टी ओरडली, म्हणून सगळे क्षणभर थांबले, बाकी काही नाही. मी ड्रायव्हरकडं वळले. सवाल आपोआप येत होते. "भाऊ, तुम्ही ट्रकातून उतरले होते?"

"वाघाचं रान हाय ते. कोण उतरते, बाप्पा!"

"मंग वाघ दिसला?"

"दिसला नाई. नाक्यावर लोकं म्हणून राह्यले होते."

"नाक्यावरच्या लोकांनी पाहिला?"

त्यानं मागं उभ्या माणसांकडं पाहिलं. "रक्त दिसलं?" मी विचारलं.

"हाव ना. लाल लाल सगळं."

"अब्बांनी कालच्या बाजाराले सगळा लाल माल नेला होता. काच होती का रक्त होतं?"

ड्रायव्हर भला माणूस. त्यानं डोळे मिटून आठवून पाहिलं आणि म्हणाला, "आता सांगता येत नाई, बाई." मला कोणी पहिल्यांदाच बाई म्हटलं होतं. मी अम्मीजवळ गेले. तिला म्हणाले, "अम्मी, अब्बा जिवंत हायेत असं मी म्हणत नाई. पण गेले असंही कोणालेच ठाऊक नाई. अजून माहीतच नाई. मी पाहून येतो, तोवर थांब." अम्मीनं माझ्याकडं पाहिलं, फुफीच्या हातातून हात ओढून घेतला आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून भिंतीला टेकून बसली. फुफी म्हणाली, "अवं, असं करू नये." अम्मी म्हणाली, "पोट्टी परत येईपर्यंत माह्या हाताले कोणी हात लावायचा नाई." इतक्या कडक आवाजात ती कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मामू, म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ, घरातच होता. तो आणि जंगल खात्यात पहारेकरी असलेले मडावीभाऊ निघाले. मडावीभाऊंनी कुठूनतरी जीप मिळवली. मला नेऊ नका असं सगळे म्हणत होते, मी आधीच जाऊन मागं बसले होते. रस्ताभर मामू कलमा पुटपुटत होता. माझ्या मनात अब्बा नव्हते, खरं सांगते. मनात पेटी होती. पेटी उघडी असेल का बंद, एवढा एकच विचार मी धरून ठेवला होता, कारण त्याच्या पलीकडं पाहायची माझी हिंमत नव्हती.

पेटी उघडी होती. सायकल आडवी पडली होती, पण तिचं स्टँड खाली होतं आणि मऊ मातीत रुतलं होतं. म्हणजे अब्बांनी ती नीट उभी केली, मग ती कलंडली. पेटीच्या कुलपात किल्ली तशीच होती. मडावीभाऊ म्हणाले, "वाघ किल्लीनं कुलूप खोलत नाई." मामूला त्या परिस्थितीतही हसू फुटलं आणि लगेच रडू आलं. मी पेटीत हात घातला. तळाशी लहान पोरींच्या मापाच्या माळा होत्या तशा होत्या. वरच्या सगळ्या माळांच्या बांगड्या सुट्या झाल्या होत्या, काही पेटीत, काही रस्त्यावर, त्यांवरून ट्रक गेलेला. पण त्यांच्या सुतळ्या कुठंच नव्हत्या. गोधडीही नव्हती.

मणियार एक वेळ उपाशी राहील, पण माळेची सुतळी सोडून बांगड्या रस्त्यावर सांडणार नाही. अब्बांना सुतळी हवी होती आणि इतकी घाईनं हवी होती की माल गेला तरी चालणार होता. सुतळी आणि गोधडी मिळून काय होतं? झोळी होते. झोळी कशाला, तर कोणाला तरी उचलून न्यायला. इथपर्यंत माझं डोकं असं चाललं की जणू माझं नव्हतंच. मडावीभाऊंनी मोहाच्या झाडाखाली सांडलेली टोपली दाखवली. अर्धी टोपली मोह टाकून कोणती बाई जाते? "साप चावला तिले," मी एकदम म्हणाले. मडावीभाऊ जमिनीकडं पाहत होते. म्हणाले, "साप कुठी दिसला तुले?" मी जीभ चावली. त्यांनी पायवाटेवरचे ठसे दाखवले, दोन माणसं एकामागं एक, टाचा खोल रुतलेल्या. ओझं घेऊन गेलेली. वाट नाल्यापलीकडच्या दवाखान्याकडं जात होती, दोन कोसांवर.

जीप लांबच्या वळशानं तिथं गेली. दवाखान्याच्या पायरीवर अब्बा बसले होते. सदरा छातीपासून खालपर्यंत वाळलेल्या रक्तानं कडक झाला होता, हातात चहाचा भरलेला कप होता. रक्त त्यांचं नव्हतं. मोह वेचणाऱ्या एका बाईवर अस्वल आलं होतं, डोक्याची कातडी सोलली होती. तिचा नवरा रस्त्यावर येऊन ओरडला तेव्हा अब्बा तिथून चालले होते. दोघांनी बांबू तोडून झोळी केली. बाई आत होती, टाके पडत होते, जगेल असं म्हणत होते. ती जगली, पुढं कितीतरी वर्षं डोक्यावर पदर घट्ट ओढून बाजाराला यायची आणि अब्बांकडूनच बांगड्या भरायची.

मी अब्बांना कसं बिलगले, किती रडले, ते लिहीत नाही. जीपमध्ये बसल्यावर मात्र मला माझी हुशारी सांगायची घाई झाली. स्टँड सांगितलं, किल्ली सांगितली, सुतळी सांगितली. ते मान हलवत होते. मग मी म्हणाले, "अन् ड्रायव्हर म्हणे रक्त होतं. मी सांगितलं, लाल काच होती ते."

अब्बा म्हणाले, "रक्त होतं, बेटा."

"मले तं कुठी दिसलं नाई."

"मोहाखालच्या राखेवर सांडलं होतं. काळ्या राखेत लाल कसं दिसेल? तू पाहिलं नाई, म्हणून नव्हतं असं धरून घेतलं." माझा चेहरा पडला असेल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला अजून रक्ताचा वास होता. थोडं अंतर गेल्यावर ते मामूला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "हे सवाल मी तुह्यासाठी नाई काढले. माह्यासाठी काढले. बाजाराले निघालो की रस्ताभर मले घर जळालेलं दिसते. तू विहिरीत पडलेली दिसते. रोजच. मणियाराले दारोदार हसून बोला लागते, म्हणून कोणाले समजत नाई. आज त्या पायरीवर बसून मी एकच गोष्ट पाहून राह्यलो होतो, घरी जैबुन आपानं तुह्या अम्मीचे हात रिकामे केले असतील. तिन्ही सवाल विचारून पाह्यले. एकही कामाले आला नाई."

हे बिनलगामी मन मी कुठून आणलं, याचा मला कधी प्रश्नच पडला नव्हता. मला वाटायचं मी एकटीच अशी, आणि अब्बा म्हणजे थंड पाण्याचा माठ. त्या दिवशी मला त्यांची कीव आली नाही, उलट सोबत मिळाल्यासारखं वाटलं. पण अम्मीनं हात काखेत धरलेत, एवढंसुद्धा मी त्यांना सांगितलं नाही. मी निघाल्यावर काय झालं ते मला तरी कुठं माहीत होतं?

घरासमोर सगळा मोहल्ला जमा होता. अब्बांना जीपमधून उतरताना पाहून फुफीनं जी किंकाळी फोडली ती आरामशीनीच्या वर ऐकू गेली असेल. माणसं अब्बांना मिठ्या मारत होती, कोणी साखर आणली, ड्रायव्हर बिचारा कोपऱ्यात उभा राहून सारखी माफी मागत होता. अम्मी भिंतीला टेकून होती तिथंच होती. उठली नाही, रडली नाही. अब्बा गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर जाऊन बसले. तिनं त्यांच्या रक्तानं भरलेल्या सदऱ्याकडं पाहिलं, मग तोंडाकडं पाहिलं. ते म्हणाले, "माह्यं रक्त नाई. हात काढ." तिनं काढायचा प्रयत्न केला आणि तिला हात हलवताच येईना. तीन तास तिनं ते असे दाबून धरले होते की कोपरं आखडून गेली होती. अब्बांनी एकेक बोट, मग मनगट, मग कोपर हळूहळू मोकळं केलं, जसं ते नवरीचा हात चोळून मऊ करायचे तसं. एक सोडून सगळ्या हिरव्या बांगड्या जागच्या जागी होत्या. खाली कातडीवर काचेचे लाल वळ उठले होते.

"एवढं कायले धरलं, वेडे?" अब्बा म्हणाले.

अम्मी म्हणाली, "पोट्टी सांगून गेली, अजून माहीत नाई म्हणून. मले तिचं बाकी काई समजलं नाई. तेवढंच धरून बसली."